आधी खुर्ची, मग भिंत

हज्जा व्हीलचेअरवर बसून माझ्या भिंतीकडे बघत होती, आणि आम्ही सगळे हज्जाकडे.

भिंत नवीकोरी होती. माणसाच्या डोक्याहून चांगली हातभर उंच, सगळी क्रीम रंगाच्या दगडाची. भिंतीच्या अलीकडे कारंजं. चार सिंहांच्या तोंडांतून पाणी पडत होतं आणि पंपाचा आवाज जरासुद्धा येत नव्हता. दोन्ही अंगांना पांढऱ्या कुंड्यांत उंच, निमुळती झाडं. इटालियन गार्डन म्हणजे हेच, असं आमच्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये होतं आणि माझ्याही डोक्यात होतं.

हज्जाने, म्हणजे हज करून आलेल्या म्हातारीने, भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून घेतली. मग मुलाला अरबीत म्हणाली, "डोंगर कुठे गेला?"

"आहे की, यम्मा. भिंतीच्या मागे."

"आणि माझी खजुरीची बाग?"

"तीही मागेच."

"सगळं मागे. मग मी पुढे बसून काय करू? घरी ने मला."

मुलगा म्हणजे अबू माजिद, व्हिलाचा मालक. त्याने व्हीलचेअर वळवली. जाता जाता माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. फक्त म्हणाला, "खलास, पास्कल."

आजचं खलास की कायमचं खलास, ते त्याने सांगितलं नाही.

आता मी कोण ते सांगतो. मी वसईचा. शाळा चौथीपर्यंत, ती पण अर्धी वाडीतच गेली. बापाची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. तिथून इकडे आखातात आलो तो पाइप ओढायच्या कामावर. आज लँडस्केपिंग कंपनीत सीनियर फोरमन आहे. लँडस्केपिंग म्हणजे घराभोवती जे जे दिसतं ते सगळं: माती, झाडं, पाणी, पायवाटा, भिंती. या देशात माझ्या हातच्या बागा मोजायला बसलो तर मलाच आठवणार नाहीत. इंजिनियर आले, गेले. मी आहे.

हा व्हिला फुजैराच्या बाजूला, डोंगराच्या उतारावर. घराच्या पाठीमागे लांब समुद्र आणि तेल भरायला थांबलेली जहाजं. घराच्या पुढे उतार, उताराच्या पायाशी रस्ता, रस्त्यापलीकडे वादी. वादी म्हणजे डोंगरातला ओढा, वर्षभर कोरडा आणि पाऊस आला की पिसाळलेला. वादीच्या काठाला खजुरीच्या बागा, मधे एक जुना मातीचा टेहळणी बुरूज, आणि त्याच्या मागे उघडेबोडके तपकिरी डोंगर. त्या खजुरीत हज्जाचं जुनं घर. मागच्या पावसात वादीचं पाणी रात्रीतून तिच्या खोलीत शिरलं. मुलाने तिला पलंगावरून उचलून गाडीत घातलं. त्या दिवसापासून त्याचं एकच चाललं होतं, पुढच्या पावसाच्या आत आई वर राहायला आली पाहिजे. घर बांधून तयार होतं. बाग तयार होती. आई तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसातून मोठ्या साहेबाचा फोन.

"पास्कल, ती म्हातारी हो म्हणाली तर हँडओव्हर. नाही म्हणाली तर मालक काम बंद करतो असं सांगतोय. तुझ्या व्हिसाची फाइल माझ्या टेबलावर आहे. साइट क्लोज झाली की बघतो."

माझ्या वयाला कंपनी मागेल तरच व्हिसा पुढे सरकतो. साहेबाला ते माहीत, मला पण माहीत. म्हणजे हज्जा नाही म्हणाली तर मी वसईला. वसई वाईट नाही. पण आपण होऊन जाणं वेगळं आणि एका भिंतीपायी पाठवलं जाणं वेगळं.

आणि भिंत चुकली हे मला मान्यच नव्हतं. आमची पद्धत साधी आहे. साइट मिळाली की आधी भिंत, मग बाकीचं. भिंत नसेल तर वाळू येते, खारा वारा येतो, डोंगरावरच्या शेळ्या येतात आणि एका सकाळीत लाखाची झाडं खाऊन जातात. शिवाय इकडची रीत. घरच्या बायका बागेत मोकळ्या बसणार, त्यांच्यावर रस्त्यावरच्या माणसाची नजर पडता कामा नये. भिंत नाही तर घर नाही. मी आयुष्यभर हेच केलं आणि कोणी तक्रार केली नाही.

आमच्या प्रोजेक्ट इंजिनियरचं नाव नेहा. मराठी मुलगी, पण जन्म इकडचा, शाळा इकडची. वयाने माझ्या पोरीपेक्षा लहान, कंपनीत माझ्या वर. मला अंकल म्हणते आणि माझ्या टाइमशीटवर सही करते.

"अंकल, अबू माजिद इटलीहून आर्किटेक्ट आणतोय," ती म्हणाली.

"कशाला? इटालियन गार्डन तर झालंय."

"दॅट्स द थिंग. त्याला हे नको होतं. गुडघ्याच्या ट्रीटमेंटसाठी तो आईला इटलीला घेऊन गेला होता ना, तिथे डोंगरावर एका जुन्या व्हिलात राहिले होते. आई अख्खा दिवस बागेत बसायची. घरी चल असं एकदाही म्हणाली नाही. म्हणून त्याने इटालियन मागितलं."

"मग तसं बोलायचं होतं."

"बोलला होता. आपण कॅटलॉग दाखवलं."

यावर मी गप्प बसलो नाही. म्हटलं, "बाय, कॅटलॉग तुझ्या ऑफिसने दाखवलं. मी फक्त बांधलं."

आर्किटेक्टचं नाव डोनातेला. साठीच्या आसपास, उन्हाने भाजलेली, पायात बूट, डोक्यावर गवताची टोपी. आली ती कारंज्याकडे गेलीच नाही. सरळ हज्जासाठी बांधलेल्या खोलीच्या दारात एक प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली आणि भिंतीकडे बघत राहिली. आम्ही उन्हात उभे. मला वाटलं, दमली असेल. मी पाणी पाठवलं.

पाणी पिऊन तिने विचारलं, "भिंत कोणी बांधली?"

"मी."

"चांगली बांधली आहे."

"माहीत आहे."

"ती तोडायची."

तिचं इंग्लिश माझ्यासारखंच होतं, मोडकं, त्यामुळे समजायला अडचण नव्हती. मी नेहाला मराठीत म्हटलं, "हिला सांग, मी बांधतो. तोडायला दुसरा माणूस बघ."

"अंकल, प्लीज. क्लायंट इथेच उभा आहे."

"उभा असू दे. त्याच्या घरच्या बायका रस्त्यावरून दिसल्या तर तो मला विचारणार, हिला नाही. ही परत विमानात बसणार."

नेहाने काय सांगितलं माहीत नाही, पण डोनातेला हसली. मग तिने टॅबलेटवर फोटो उघडले आणि मला बाजूला बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो. फोटो मात्र बघितले.

तिच्या देशातले जुने व्हिला. मला वाटलं होतं पुतळे दिसतील. पुतळे होते, पण ती त्यांच्यावर बोट ठेवतच नव्हती. ती दाखवत होती त्या बागांच्या कडा. म्हणाली, उन्हाळ्यात शहर तापायचं, ताप पसरायचा, म्हणून पैसेवाले टेकडीवर घर बांधायचे. उतार असायचा, म्हणून पायऱ्यांसारखे सपाट टप्पे करायचे, टेरेस म्हणतात ते. घराजवळच्या टेरेसवर सगळं कापलेलं, मापात. त्याच्या खाली लिंबू, फळझाडं. त्याच्याही खाली झाडी, जवळजवळ रान. त्यानंतर शेतं, मग डोंगर. घराच्या दारातून एक सरळ वाट निघते. वाट संपते, पण नजर चालूच राहते, थेट समोरच्या शहराच्या घुमटापर्यंत नाहीतर डोंगराच्या शेंड्यापर्यंत.

"बागेची हद्द कुठे?" तिने मला विचारलं.

मी फोटोत शोधली. सापडली नाही.

"मालकाची जमीन इथे संपते," तिने मधेच कुठेतरी बोट ठेवलं. "बाग तिथे संपते." आणि बोट डोंगरावर नेलं. "डोंगर त्याचा नाही. पण बाग अशी बसवली आहे की डोंगर त्याच्याच बागेत उगवलाय असं वाटावं. आणि ही शेतं दिसतात ना, ती बहुतेक त्याचीच. वर बसून तो बघायचा, कोण काम करतंय, कोण नाही."

"आणि शेळ्या?" मी विचारलं.

"आमच्याकडे रानडुकरं."

"आणि बायका?"

इथे ती थांबली. हा प्रश्न तिच्या फोटोंत नव्हता. तिने अबू माजिदकडे बघितलं. तो म्हणाला, "पास्कल बरोबर बोलतोय. आईला डोंगर दिसला पाहिजे. आई आणि माझ्या घरच्या बायका रस्त्यावरून दिसता कामा नयेत. दोन्ही पाहिजे. एक नाही झालं तर काम बंद."

मला बरं वाटलं. पण बरं वाटून व्हिसा मिळत नाही.

डोनातेलाने जमिनीवर काडीने रेघ मारली. म्हणाली, भिंत नको असं मी म्हणतच नाही. भिंत पाहिजे, पण इथे वर नाही. उतारावरून खाली, रस्त्याच्या कडेला. आणि नुसती उभी भिंत नाही, रिटेनिंग वॉल. म्हणजे माती धरून ठेवणारी भिंत. एका बाजूला रस्ता खाली, दुसऱ्या बाजूला मातीचा भराव वरपर्यंत. रस्त्यावरून बघाल तर ती तुमच्या डोक्यापेक्षा किती तरी उंच. बागेतून बघाल तर गुडघ्याएवढी.

असल्या भिंती मी डोंगरी रस्त्यांवर रग्गड बघितल्या होत्या. बागेची भिंत म्हणून कधी बघितली नव्हती.

"आणि वर बसलेलं माणूस?" मी म्हटलं. "खालून दिसणार."

"नाही दिसणार."

"दिसणार."

"नाही."

"बाय, हिला सांग, कागदावर नाही दिसणार. रस्त्यावरून दिसणार. मी जाऊन बघतो."

नेहा म्हणाली, "अंकल, थ्री-डी मॉडेल करता येईल, दोन दिवसांत..."

"मला डोळे आहेत."

गुल खान म्हणून आमचा दगडाचा मिस्त्री आहे, पेशावरकडचा, अंगाने दरवाजाएवढा. त्याला भिंतीचा एक गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, पाडायला सांगितला. हातोडा घेऊन त्याने माझ्याकडे बघितलं.

"चाचा, सच में तोड़ूं?"

"एकच गाळा. खिडकीएवढा नको, दरवाजाएवढा नको. गेटएवढा."

म्हणजे बघा, भिंत मी तोडली नाही. फक्त चाचणीपुरती उघडली. मी आजही तसंच म्हणतो.

गाळा पडला आणि समोर एकदम डोंगर उभा राहिला.  खाली खजुरीची हिरवी पट्टी, मधे तो मातीचा बुरूज. मी त्या साइटवर इतके महिने काम केलं होतं, पण भिंत पहिल्याच आठवड्यात बांधली होती. त्यानंतर तिकडे बघायचं कारणच पडलं नव्हतं.

मग गुल खानला उताराच्या कडेला खुर्चीत बसवलं आणि नीट दिसावा म्हणून त्याच्या डोक्यावरून काळं शेडनेट घातलं. शेडनेट म्हणजे नर्सरीत रोपांवर सावलीला टाकतात ती जाळी. मी खाली रस्त्यावर गेलो, नेहा फोनवर.

"दिसतोय," मी म्हटलं. "चपलेपर्यंत दिसतोय."

"डोनातेला म्हणते, खुर्ची मागे घ्या."

गुल खान खुर्ची घेऊन मागे सरकला. आता कमरेपासून वरचा दिसत होता. आणखी मागे. आता नुसतं काळं टोक. आणखी थोडं मागे, आणि गुल खान नाहीसा झाला. उताराच्या कडेनेच त्याला झाकलं.

"गेला," मी म्हटलं. "पण त्याला तरी काय दिसतंय आता? आकाशच दिसत असेल."

फोनवर गुल खानचा आवाज आला. "चाचा, खजूर दिखता है. पूरा बाग दिखता है. तुम नहीं दिखता."

रस्ता कडेच्या खाली, जवळ. खजुरी लांब. जवळचं झाकलं जात होतं, लांबचं उघडं राहत होतं. एवढंच गणित. मी रस्त्यावरून खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत चालत गेलो. कुठूनच दिसला नाही. चालता चालता मला राग येत होता, कारण ती बाई बरोबर निघत होती.

मग वळण आलं. गावातून पिकअप गाड्या जिथून चढावर येतात, तिथे रस्ता उंच होतो आणि वळतो. तिथून मी मागे बघितलं. पाडलेल्या गाळ्यातून टेरेस ताटात वाढल्यासारखी समोर. गुल खान, शेडनेट, खुर्ची, सगळं.

"दिसतोय," मी फोनवर म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असेन.

वर गेलो तेव्हा घरातून बाहेर आलेला अबू माजिद खुर्चीतल्या काळ्या शेडनेटकडे बघत उभा होता. "हे कोण?" त्याने विचारलं.

नेहाने मान खाली घातली. "सर, ट्रायल आहे. तुमच्या आईच्या जागी."

गुल खानने शेडनेट वर करून सलाम केला. अबू माजिद इतका हसला की त्याला खांब धरावा लागला. मी त्याला त्या महिन्यात पहिल्यांदाच हसताना बघितलं.

डोनातेलाला मी वळणाचं सांगितलं. मला वाटलं होतं तिचं तोंड उतरेल. ती खूश झाली. म्हणाली, त्या कोपऱ्यात मला झाडी पाहिजेच होती. तिच्या फोटोंतली ती जवळजवळ रान असलेली झाडी. तिकडे ते गर्द ओक लावतात. "इथे काय लावू, ते तू सांग. माझी झाडं इथे मरतील."

"मरतीलच," मी म्हटलं. "त्या कुंड्यांतली पण मरायला लागलीत." आणि बसलो. पहिल्यांदा तिच्या बाजूला बसलो.

गाफ सांगितलं. गाफ म्हणजे आपल्याकडची शमी, इकडे डोंगरात आणि वाळूत आपोआप येते. सिद्र सांगितलं, म्हणजे आपल्या बोरीचीच बहीण. दोन्ही या डोंगरातलीच, पाण्यासाठी रडत नाहीत. घराजवळ मापात कापायला कोयनेलचं कुंपण, वसईत पण लावतात तेच. मधल्या टेरेसवर लिंबू आणि डाळिंब. हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या यार्डात लाकडी पेट्यांत वाढवलेली मोठी सिद्रं होती, ती क्रेनने आणायची ठरली. कोवळी रोपं लावून पावसाची वाट बघण्याएवढा वेळ कोणाकडेच नव्हता.

काम सुरू झालं. वरची भिंत उतरवली. तिचाच दगड खालच्या भिंतीला लावला. वाया काही घालवलं नाही, हे मी मोठ्या साहेबाला फोन करून मुद्दाम सांगितलं. खालच्या भिंतीला पायाशी भोकं ठेवली, मातीत मुरलेलं पाणी बाहेर पडायला. ती ठेवली नाहीत तर पावसात भराव फुगतो आणि भिंत पोट काढते. डोंगराच्या अंगाला शेळ्या अडवायला खोल चर मारला. डोनातेला म्हणाली, रानडुकरांसाठी तिच्याकडे पण असाच मारतात.

भांडणं झाली, नाही असं नाही. कारंजं काढायचं म्हणाली. हज्जाच्या दारातून निघणारी वाट थेट बुरुजाकडे बघत होती आणि मधे माझे चार सिंह. मी म्हटलं, बाजूला सरकवू. ती म्हणाली, पाणी उडवायचं नाही, वाहतं ठेवायचं. मग पायऱ्यांच्या कडेने दगडाची वीतभर रुंद नाली केली, वरून खाली पाणी खेळत जाईल अशी. इकडच्या जुन्या खजुरीच्या बागांत फलज असतो, डोंगरातलं पाणी आणणारा पाट, अगदी तसाच दिसायला लागला. अबू माजिद आला आणि त्या पाण्यात हात घालून उभा राहिला. मी कारंज्याचा विषय परत काढला नाही.

सगळ्यात मोठं भांडण छाटणीवरून. खालच्या कोपऱ्यात सिद्र लागली आणि मी सवयीने माणसांना कात्र्या देऊन पाठवलं. डोनातेला पायऱ्यांवरून धावत आली.

"नको, नको, नको! खालची नाही."

"का? वरचं कोयनेल तर इंचात कापून घेतलंस."

"वर कापायचं. मधे थोडं. खाली नाही. खाली जाता जाता बागेने विसरून गेलं पाहिजे की ती बाग आहे."

"लोक म्हणतील, पास्कलने काम अर्धवट सोडलं."

"कोणते लोक?"

"मोठा साहेब. हँडओव्हरला येतो तेव्हा एक काडी पडलेली चालत नाही त्याला."

नेहा म्हणाली, "अंकल, साहेबाला मी सांभाळते. प्रॉमिस."

मी कात्र्या परत घेतल्या. शेवटच्या टेरेसवर डोंगरातले दगड होते तिथेच ठेवले, गवताचे झुबके होते तसेच ठेवले. वरून बघितलं तर कोयनेलच्या सरळ रेघा, मग लिंबं, मग सिद्र आणि गाफ अस्ताव्यस्त, मग ती गुडघ्याएवढी भिंत दिसतसुद्धा नव्हती, आणि रस्ता कुठे गेला कोणास ठाऊक. बाग सरळ खजुरीत शिरत होती. माझी झाडं कुठे संपतात आणि गावाची कुठे सुरू होतात, ते मला माहीत म्हणून कळत होतं.

मी रस्त्यावर जाऊन परत चाललो. वळणावरून पण बघितलं. झाडी दिसली. माणूस नाही.

डोनातेला परत इटलीला गेली. तिचं काम झालं होतं. आमचं व्हायचं होतं, कारण हज्जाला आणायचं बाकी होतं. आकाशात ढग दिसायला लागले होते आणि अबू माजिद दर दोन दिवसांनी फोन करून विचारत होता, झालं का.

ती आली ती सकाळी. अबू माजिदने व्हीलचेअर ढकलत आणली, खोलीच्या दारातून वाटेवर, वाटेवरून ठरलेल्या जागेवर. ती जागा मी फरशीत एक वेगळा दगड बसवून पक्की केली होती. त्या दगडावर चाकं आली की रस्त्यावरून दिसत नाही. अबू माजिदने चाकं बरोबर दगडावर आणली. नेहा माझ्या बाजूला उभी होती. मोठा साहेब सूट घालून दुबईहून आला होता आणि खालच्या कोपऱ्यातल्या न कापलेल्या झाडांकडे बघत होता.

हज्जाने डोळ्यांवर हात धरला. समोर बघितलं. मग डावीकडे, मग उजवीकडे. मागच्या वेळी पण आधी अशीच बघत बसली होती.  मी मनात वसईच्या घराचं छप्पर शाकारायला घेतलं.

"फोन दे," ती मुलाला म्हणाली.

मोठा साहेब माझ्याकडे बघायला लागला. मी खाली बघायला लागलो.

तिने फोन कानाला लावला आणि खणखणीत आवाजात, अर्ध्या अरबीत अर्ध्या हिंदीत सुरू झाली. "शफीक! पाणी सोडून सावलीत काय बसलास? कोपऱ्यातलं झाड कोरडं, पाणी सगळं वादीत. उठ!"

खाली खजुरीच्या बागेत एक इवलासा माणूस ताडकन उभा राहिला. कानाला फोन धरून तो आधी पुढे वळला, मग मागे वळला, मग झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागला. मालकीण कुठून बघतेय ते त्याला सापडेना.

"मी कुठे आहे ते विचारतोय," हज्जा मुलाला म्हणाली. "सांगू नकोस." आणि फोन परत दिला.

मग ती मागे टेकली. ऊन तिच्या मांडीवर आलं होतं. तिने ते हाताने झटकल्यासारखं केलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "इथे सावली पाहिजे. दुपारी बसवणार नाही."

मी इतकी वर्षं लोकांच्या बागा करतोय. बाग छान आहे म्हणणारी माणसं पुष्कळ बघितली, त्यातली निम्मी परत बागेत बसत नाहीत. पण दुपारच्या सावलीचं बोलणारं माणूस दुपारी तिथे असणार असतं. मी म्हटलं, "उद्याच करतो, हज्जा. इन्शाल्ला."

"इन्शाल्ला नको. उद्या."

अबू माजिदने तोंड दुसरीकडे वळवलं. मोठ्या साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खाली ती झाडं..." नेहा मधे आली, "सर, ते डिझाइन आहे." साहेबाने हात काढला.  मी कारंज्याच्या जुन्या जागी जाऊन जरा बसलो.  उभं राहून राहून दमलो असेन.

हज्जा पावसाच्या आत वर राहायला आली. पाऊस आला तेव्हा वादी भरून वाहिली, जुन्या घराच्या अंगणात पाणी शिरलं, खोलीतही शिरलं असेल. ती वर बसून ते बघत होती, असं अबू माजिदने नेहाला सांगितलं. माझ्या भिंतीच्या भोकांतून दिवसभर पाणी झिरपलं आणि भिंत इंचभर हलली नाही, हे मी स्वतः जाऊन बघितलं. शफीक मला रस्त्यावर भेटला. म्हणाला, "चाचा, तुमने क्या बना दिया." मी म्हटलं, "गार्डन." तो मान हलवत निघून गेला.

व्हिसाची फाइल साहेबाच्या टेबलावरून पुढे गेली. चार सिंहांचं कारंजं हमरियाच्या यार्डात पडून आहे. कबुतरं पाणी पितात. कोणाला पाहिजे असेल तर चांगल्या स्थितीत आहे.

आता माझी पद्धत बदलली. साइट मिळाली की ट्रकमधून आधी खुर्ची उतरते. घरात जो सगळ्यात जास्त बसणार आहे त्याला तिच्यावर बसवायचं, काय दिसतं ते विचारायचं, मग आपण रस्त्यावर जाऊन तो दिसतो का ते बघायचं. त्यानंतर भिंत. नवीन आलेले इंजिनियर विचारतात, ही सिस्टम कोणाची. मी सांगतो, माझी. नेहा ऐकते आणि छताकडे बघते. डोनातेला इटलीत आहे, ती काही ऐकायला येत नाही.